आडवी बाटली

आमच्या महाविद्यालयाची सहल मुंबईला गेली की दोन छायाचित्रे निघतातच. एक, गेटवे ऑफ इंडिया पाठीशी घेऊन. आणि दुसरे, तिथेच गर्रकन वळून ताजमहाल हॉटेल पाठीशी घेऊन. पहिले प्राध्यापकांच्या आग्रहाचे, दुसरे विद्यार्थ्यांच्या. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत अशी किती छायाचित्रे निघाली याचा हिशेब माझ्यापाशी नाही. पण स्टाफरूमच्या कपाटात जी काही उरली आहेत, त्यांत माझे केस काळ्याचे पांढरे होत गेलेले दिसतात आणि मागचा तो लालसर घुमट मात्र होता तसाच आहे.

मुलांना मी दर वेळी एक प्रश्न विचारते : या दोहोंत जुने कोण? मुले हटकून कमानीकडे बोट दाखवतात. खरे म्हणजे हॉटेल उघडले ते १९०३ साली आणि कमान पुरी झाली ती १९२४ साली. एकवीस वर्षे त्या हॉटेलसमोर कमान नव्हती, नुसता समुद्र होता. एवढे सांगून झाले की माझी माहिती संपे. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावे असे कधी वाटलेही नाही. २००९ च्या जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्या सहलीत दुसरे छायाचित्र कुणी मागितले नाही. मुले नुसती त्या खिडक्यांकडे बघत उभी होती. तेवढ्यापुरते ते हॉटेल आपले वाटले होते, एरवी ते परक्याचेच. फूटपाथपासून दरवाजा फार तर वीस-पंचवीस पावलांवर असेल. पण काही पावले माणूस आयुष्यभर टाकत नाही.

गेल्या जानेवारीत मी ती टाकली. मला आत नेले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव मी लिहीत नाही. तशी त्याची अट आहे.

२०१० साली तो आमच्याकडे एफ. वाय. ला होता. काटकुळा, मोठ्या डोळ्यांचा, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. त्याच्या गावात देशी दारूचे एक दुकान होते, आणि ते बंद करावे म्हणून गावातल्या बायकांनी उचल खाल्ली होती. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर त्याच गावी होते. साहजिकच आम्हीही त्यात ओढले गेलो. ज्यांना ही प्रक्रिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, तर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला किती सोपे! पण त्यात एक मेख आहे. झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही, ती उभ्या बाटलीच्या पारड्यात. ऊसतोडीला गेलेली, मुंबईला धुणीभांडी करायला गेलेली, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. इतकेच काय, मेली पण यादीतून नाव निघाले नाही, ती सुद्धा उभ्या बाटलीचीच!

मतदानाच्या दिवशी हा मुलगा सकाळपासून सायकलवर होता. रानात खुरपणीला गेलेल्या बायकांना तो एकेक करून कॅरिअरवर बसवून शाळेच्या दाराशी आणून सोडत होता. एका म्हातारीला तर त्याने पाठुंगळीवर आणले. संध्याकाळी निकाल लागला, बाटली आडवी झाली. निम्म्याच्या वर जी मते गेली ती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती, आणि त्यातली बरीचशी त्या सायकलवरून आलेली होती. गुलाल उधळला गेला. हा मुलगा एका बाजूला पायरीवर बसून सायकलची चेन बसवत होता. त्याची आई, जिला सारे गाव आक्का म्हणते, माझा हात धरून रडत होती. कारण ज्यांच्यामुळे ही बाई सह्या गोळा करत दारोदार हिंडली, ते तिचे यजमान त्याच वेळी त्याच दुकानाच्या पडवीत झोपलेले होते.

दुकान बंद झाले. पण लढाई जिंकलो असे म्हणवत नाही. कारण चार मैलांवर दुसरे गाव होते आणि त्या गावात दुकान होते. पुढे कॅनमधून दारू मोटारसायकलवर येऊ लागली. त्याचे वडील २०१२ साली गेले. मोहीम करणाऱ्यांनी या गोष्टी आपल्या अहवालात लिहाव्यात असे मला वाटते. मी माझ्या अहवालात त्या लिहिल्या नाहीत.

आणखी एक आठवण सांगते आणि मग हॉटेलात जाते. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही ‘एकच प्याला’तला एक प्रवेश बसवला होता. गडकऱ्यांचे हे नाटक रंगभूमीवर आले ते १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आणि शंभर वर्षे उलटली तरी महाराष्ट्रात दारूविषयी बोलायचे म्हटले की सुधाकर, सिंधू आणि तळीराम हजर होतातच. आमच्या तळीरामाचे काम या मुलाने केले. असे केले की प्रेक्षागृह डोक्यावर घेतले मुलांनी! तो झोक, ती जिभेची अडखळ, तो तत्त्वज्ञानाचा आव. कुठून शिकलास रे हे, असे मी विंगेत कौतुकाने विचारले, आणि विचारता विचारताच माझी जीभ चावली. शेवटच्या रांगेत त्याचे वडील बसले होते. सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा न देता तो गेला. पुण्याला हॉटेलच्या कामाचा कसला तरी अभ्यासक्रम, मग इथे तिथे नोकऱ्या. मधूनच त्याचा फोन येई. २०१७ साली असाच एकदा आला. म्हणाला, ‘‘मॅडम, मी आता बारटेंडर झालो. ड्रिंक्स बनवतो.’’ मी काय बोलावे? मी म्हटले, ‘‘म्हणजे अखेर तळीरामच झालास म्हण की!’’ आणि फोन ठेवून दिला. मराठीच्या प्राध्यापकांना एक वाईट खोड असते. बोलायला योग्य शब्द सापडला की तो बोलावा की नाही याचा विचार आम्ही करत नाही.

त्यानंतर फोन थांबले.

तर गेल्या जानेवारीत आम्ही टी. वाय. ची मुले घेऊन मुंबईला गेलो. दिवस मंगळवारचा. (सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे सहलप्रमुख होऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) मुले इतर प्राध्यापकांबरोबर लाँचमधून घारापुरीला गेली. माझे गुडघे आता त्या पायऱ्यांना नकार देतात, म्हणून मी मागे राहिले. धक्क्याजवळच्या कठड्याशी बसून शेंगदाणे खात होते तोच मागून हाक आली. ‘‘मॅडम!’’ वळून पाहिले तर हा उभा. अंग भरलेले, केस नीट कापलेले, पण डोळे तेच. आमच्याच एका मुलीने सहलीचे छायाचित्र कुठे तरी टाकले होते, ते पाहून तो धावत आला होता. तो म्हणाला, ‘‘मी समोरच असतो. चला ना. आत्ता गर्दी नसते.’’

‘‘समोर म्हणजे?’’

त्याने मान वळवली. त्या लाल घुमटाकडे.

मी नाही म्हणणार होते. अंगावर इरकली साडी, पायात धुळीने माखलेल्या चपला, पर्समध्ये थालिपीठाची पुरचुंडी. पण सहा-सात वर्षांपूर्वीचा तो फोन माझ्या मनात सलत होता. ‘‘चल,’’ म्हटले.

दरवाजाशी तपासणीच्या यंत्रातून पर्स गेली. त्या पडद्यावर माझे थालिपीठ कसे दिसले असेल कोण जाणे! आत थंडगार हवा आणि फुलांचा वास. तो एका बाजूच्या दाराने गेला, मला दुसऱ्या बाजूने जायला सांगितले आणि मी पोचेपर्यंत जाकीट घालून काउंटरमागे उभाही राहिला. मी दिसताच वाकायला गेला आणि मधेच थांबला. ‘‘ड्यूटीवर आहे मॅडम. मनातल्या मनात समजा.’’

त्या जागेचे नाव हार्बर बार. तो सांगत होता की ही खोली १९३३ सालची आणि मुंबईतला दारूचा पहिला परवाना इथला असे मानतात. १९३३! त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेतली दारूबंदी उठली, आणि आपल्याकडे ती लागायची होती. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे साठीच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, ती सैल झाली. पण कायदा काही रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारूचे जे दुकान चालते, जो बार चालतो, तो ‘महाराष्ट्र दारूबंदी कायद्या’खालीच चालतो. आपल्याकडच्या बारला ‘परमिट रूम’ म्हणतात ते याचमुळे. पिणाऱ्याकडे परवाना हवा. बिअर-वाईनला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. आणि त्या परवान्यावर कारण काय असते ठाऊक आहे? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! हे त्याने मला सांगितले तेव्हा त्या शांत खोलीत मी इतक्या मोठ्याने हसले की दोन टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. गडकऱ्यांच्या तळीरामाने काढलेल्या आर्य मदिरामंडळालाही हे कलम सुचले नसते.

मी खिडकीजवळ बसले होते. खिडकीबाहेर गेटवे. त्याच्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्या महाविद्यालयाची मुले ओळीने उभी होती. पहिले छायाचित्र झाले, मुले वळली, आता हॉटेल त्यांच्या पाठीशी. त्यांच्या त्या छायाचित्रात मागच्या एखाद्या खिडकीत एक पांढऱ्या केसांची बाई ठिपक्याएवढी आली असेल.

त्याने माझ्यापुढे एकेक बशी मांडली. खारे बदाम, काजू, पाव बोटाएवढे कबाब, आणि हिरवी लांबट फळे. मला ती मिठाच्या पाण्यात मुरवलेली करवंदे वाटली. तोंडात टाकल्यावर कळले की हे ऑलिव्ह, आणि करवंदाच्या पासंगालाही न पुरणारे. मी म्हटले, ‘‘याला काय म्हणतात तुमच्यात?’’ तो इंग्रजीत काही तरी म्हणाला. मग हळूच हसून म्हणाला, ‘‘चकणाच, मॅडम.’’ त्याच्या गावच्या दुकानाबाहेर एक बाई उकडलेली अंडी आणि खारे फुटाणे घेऊन बसायची, ती आम्हा दोघांनाही आठवली. पण तिचे नाव आम्ही काढले नाही.

विद्यार्थी विचारतील, बाईंनी काय घेतले? सांगते. लिंबू, आले, पुदिना आणि सोड्याचे एक सरबत घेतले, ज्यात दारूचा थेंब नव्हता. यात माझ्या शीलाचा काही संबंध नाही. खरे कारण असे की, ती चव आवडली तर काय, अशी मला भीती वाटली. पुढच्या मोहिमेत बायकांपुढे कोणत्या तोंडाने उभी राहिले असते?

पण त्याला काम करताना पाहायचे होते. म्हटले, ‘‘तू दुसऱ्यांसाठी करतोस ते कर. मी बघते.’’ कुणा गिऱ्हाइकाची मागणी होतीच. त्याने एक छोटे, दोन तोंडांचे मापटे घेतले. त्याला जिगर म्हणतात. एका तोंडात तीस मिलिलिटर, दुसऱ्यात साठ. दारू मापट्याच्या काठापर्यंत आली, एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही. मग लिंबाचा रस, मग साखरेचा पाक, मग बर्फ. शेकर बंद करून खांद्यापाशी नेऊन तो हलवू लागला. आणि हलवता हलवता बोलू लागला, जसा पूर्वी सायकलची चेन बसवताना बोलायचा, खाली पाहून.

‘‘यात पाणी पण मापाचं असतं, मॅडम. वरून ओतत नाही. बर्फ वितळून येतं. कमी हलवलं तर दारू जिभेला लागते, जास्त हलवलं तर सगळं पाणचट. रस असेल तर हलवायचं, नुसती दारू-दारू असेल तर चमच्यानं ढवळायचं. हे शिकायला मला वर्ष लागलं.’’

मला त्यात माझाच विषय दिसू लागला, त्याला काय करणार! इंग्रजीत ‘पंच’ म्हणून एक पेय आहे. तो शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असे कोशकार बहुधा मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस. ‘टॉडी’ तर सरळ आपल्या ताडीवरूनच. मी हे सांगितले तेव्हा त्याने शेकर खाली ठेवून खिशातल्या वहीत टिपून घेतले. वर्गात त्याने कधी टिपणे घेतल्याचे मला आठवत नाही.

गिऱ्हाइकाचा पेला पोचवून तो परत आला आणि पुसलेलाच पेला पुन्हा पुसू लागला.

‘‘मॅडम, तुम्ही फोनवर म्हणाला होतात, तळीराम झालास.’’

मी काही म्हणणार तोच त्याने मान हलवली. ‘‘नाही, राग नाही. पण तळीराम पाजतो ना? आग्रह करून? आम्हाला उलटं शिकवतात. माणसाला थांबवायचं कधी आणि कसं, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. पुण्यात आमच्या बॅचमध्ये कुणालाच यायचं नाही. मला पहिल्या दिवसापासून आलं.’’

‘‘कसे काय?’’

‘‘आधी पाणी पुढे करायचं, न मागता. मग काहीतरी खायला. मग बोलण्यात गुंतवायचं. गाव कुठलं, मुलं काय करतात. पेला भरायला उशीर लावायचा. नाही कधीच म्हणायचं नाही. नाही म्हटलं की माणूस बिथरतो. मग आवाज खाली ठेवून म्हणायचं, चला, गाडी आली.’’ तो थांबला. ‘‘घरी बाबांना असंच करायचो. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून. फक्त गाडी नव्हती.’’

मी शिक्षणशास्त्राच्या पुष्कळ चर्चासत्रांना बसले आहे. पण कोणती विद्या कुठे शिकली जाते याचा एवढा चोख पत्ता मला कधी कुणी दिला नव्हता.

मी विचारले, ‘‘थांबतात माणसे?’’

‘‘काही थांबतात. मी आतापर्यंत चार शहरांत कामं केली. रोज येणारा माणूस सगळीकडे असतो, मॅडम. बाबांसारखाच. त्याला घरी न्यायला ड्रायव्हर असतो, एवढाच फरक.’’

यावर त्याने किंवा मी भाष्य केले नाही. खरे तर माझ्या मनात एक भाषण तयार होत होते. पण बाहेर लाँच परतताना दिसत होत्या, आणि एका भाषणाने सहा-सात वर्षे वाया घालवल्याचे मला आठवत होते. मी फक्त म्हटले, ‘‘तेव्हा मी चुकले.’’ तो म्हणाला, ‘‘असू दे.’’ बिल मला त्याने पाहू दिले नाही. पण शेजारच्या टेबलावरचे दरपत्रक मी तेवढ्यात वाचून घेतले होते. तासिका तत्त्वावर लागले तेव्हाचा माझा महिन्याचा पगार त्यातल्या दोन ओळींत संपला असता.

निघताना त्याने एक पिशवी दिली. आत एक शाल होती. ‘‘आईला द्याल? आणि मॅडम, एक काम. आईला सांगू नका मी इथं काय करतो. तिला माहीत आहे की मी भटारखान्यात आहे, भाज्या चिरतो. दिवाळीच्या आधी घराचे पत्रे बदलायला पैसे पाठवले होते. फोनवर म्हणते, काम झालं. दीड वर्ष गेलो नाही. सणावारी आम्हाला सुटी नसते. तुम्ही जरा बघून सांगा, नीट बसवलेत का.’’

आता काय सांगू? ज्या बाईने दारूविरुद्ध सह्या गोळा केल्या, तिच्या मुलाचे हे गुपित मी माझ्या पर्समध्ये थालिपीठाशेजारी घालून घेतले.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. रविवारी एस. टी. ने त्या गावी गेले. आक्का घरी नव्हत्या; दुसऱ्याच्या रानात कांदे लावायला गेल्या होत्या. मी ओट्यावर बसले आणि वर पाहिले. पत्रे तेच होते. गंजलेले, एका कोपऱ्यात निळे प्लास्टिक अंथरून वर दगड ठेवलेले. मुलगा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो, आणि ही बाई साठी उलटल्यावर दुसऱ्याच्या बांधावर वाकते! मला आमच्या सिंधूची आठवण झाली. श्रीमंत भावाचे पैसे नाकारून दुसऱ्याचे दळण दळणारी सिंधू. दरवर्षी मी ते पात्र वर्गात शिकवते आणि दरवर्षी एखादी तरी मुलगी विचारते, ‘पण का, मॅडम? पैसे घ्यायला काय झालं होतं?’ माझे उत्तर आजवर कुणाला पटलेले नाही.

आक्का आल्या. हातपाय धुतले, गूळपाणी दिले. शाल उलगडून पाहिली, घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘कुटं भेटला?’’

‘‘गेटवेपाशी. मुंबईत.’’

‘‘त्यो काम करतो तितं गेला हुता का, बाई?’’

मी गडबडले. ‘‘हो. म्हणजे... भटारखाना काही मी...’’

आक्का उठल्या. फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पासबुक होते आणि त्याच्या खाली एक बूच. बाटलीचे. नीट पुसून ठेवलेले.

‘‘सहा वर्सं झाली. सुट्टीला आला हुता, तवा सदरा धुताना खिशात घावलं. भाज्या चिरणाऱ्याच्या खिशात बूच कशाला यील? जलम गेला बाई बुचं गोळा करन्यात, मला कळत न्हाई व्हय?’’

पासबुक त्यांनी माझ्या हातात दिले. सहा वर्षांत एकही रक्कम काढलेली नव्हती.

‘‘त्याला म्हणाल्या नाहीत कधी?’’

‘‘काय म्हनू? लेकरू खोटं बोलतंय त्ये माज्यासाटीच बोलतंय. मग मीबी बोलले, पत्रं झालं म्हून.’’ थोडा वेळ त्या गप्प बसल्या. ‘‘पैसा कुनाच्या तरी घरातनं गेलेलाच असनार, बाई. आमच्या घरातनं गेलेला मी बघितलाय. त्यो पैसा डोक्यावर घेऊन निजायचं कसं?’’

मग एकदम माझ्याकडे वळल्या. ‘‘तुमी बघून आला न्हवं? सांगा की. कसं हाय त्ये?’’

मी सांगितले. थंड हवा सांगितली, खिडकी सांगितली, करवंदासारखी ती फळे सांगितली. बायकाही येतात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. कुणी पडले का, विचारले. मी होते तोवर नाही, म्हटले. लहानसे मापटे सांगितले, काठापर्यंत भरायचे, थेंब वर नाही. आणि मग, सांगू की नको असे करत, तो माणसांना कसा थांबवतो ते सांगितले. आधी पाणी, मग खाणे, मग गावाकडच्या गोष्टी. नाही म्हणायचे नाही. आवाज खाली ठेवायचा.

आक्का ऐकत होत्या. माझे संपल्यावरही काही वेळ तशाच बसल्या. नंतर हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘त्येंच्यासंगं असंच करायचा. मला वाटायचं, ह्याला भ्या वाटत न्हाई.’’

बाहेर ऊन कलले होते. परतीची शेवटची एस. टी. सहाला होती. हा लेख लिहिण्याचे तेव्हा माझ्या मनातही नव्हते. नंतर लिहिला तेव्हा आधी दोघांनाही वाचून दाखवला; आक्कांना ओट्यावर बसून, त्याला फोनवर. दोघांपैकी कुणीही काही खोडायला सांगितले नाही. त्याला फक्त नाव नको होते, आणि आक्कांनी मागाहून सांगितले की कांद्यांची नव्हे, लसणाची लागण होती. मी मुद्दामच बदलले नाही. जानेवारीत लसूण कोण लावतो?

मी उठले, तशा त्याही उठल्या. पासबुक हातातच होते.

‘‘बाई, तुमी शिकल्यालं मानूस. आपुन दोघींनी मिळून बाटली आडवी केली. आता तुमीच सांगा. पत्रं आनू का?’’

मी वर निळ्या प्लास्टिककडे पाहिले.

‘‘आणा,’’ म्हटले. ‘‘पावसाच्या आधी आणा.’’